किल्ली दुसरीच्या हाती देताना

(आंबोली येथे झालेल्या प्रभागसंघाच्या बैठकीत एका गटाच्या ताईंनी आपला अनुभव सांगितला. त्यांचे भाषण त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



मला सांगितलंय की धंदा कसा वाढवला त्यावर बोला. पण मी आधी, माझ्यामुळे धंदा कसा अडकला होता ते सांगते.

आमचा गट मालवणी मसाला करतो. आंबोलीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. एकदा जूनमध्ये लागला की कपडे वाळत नाहीत, तिथे मिरची कुठची वाळणार? म्हणून मार्च ते मे या उन्हात मसाला करून ठेवायचा आणि पावसात धबधब्यावर माणसं आली की विकायचा. वर्षाची कमाई या तीन महिन्यांच्या कामावर.

सहा वर्षं सगळं माझ्या हातात होतं. मिरची आणायची मी, भाजायची मी, पैसे मोजायची मी. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. बाकी नऊ जणी देठ काढायच्या, पाकिटं भरायच्या. मला वाटायचं, मी आहे म्हणून गट चाललाय.

मग ऐन एप्रिलमध्ये मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला जावं लागलं. एका खानावळीची 40 किलोची ऑर्डर होती. भाजायचं काम आमच्यातल्या एका तरुण सुनेवर टाकलं आणि गाडीत बसले. चौथ्या दिवशी फोन आला, 6 किलो धणे करपले. मी फोनवरच ओरडले. ती गप्प ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकी, तुमी म्हणतास, वास इलो की काढ. पण कसलो वास?"

बायांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा वर्षांत मी तिला झारा कधी हातात दिलाच नव्हता.

त्या रात्री फोनवर आम्ही वही केली. मी सांगायची, ती लिहायची. धणे एका वेळी अर्धा किलोच घ्यायचे. आच मंद. हात थांबवायचा नाही. दाणा दोन बोटांत दाबला की कुडकन फुटला पाहिजे. काळा ठिपका दिसला म्हणजे उशीर झाला. मिरी, लवंग, दालचिनी वेगवेगळी भाजायची. खसखस शेवटी, ती पटकन करपते. आणि "मूठभर" हा शब्द वहीतून काढला. मी परत आल्यावर माझी मूठ काट्यावर तोलली तर 35 ग्रॅम भरली, तिची 25. मग चव सारखी कशी येणार?

ऑर्डर आठ दिवस उशिरा गेली, पण गेली. चव तीच.

आता माझी खरी चूक ऐका. मी दीड महिन्याने आले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातातला झारा काढून घेतला. "सर, मी करतंय," म्हटलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मगे ही पण तुमीच ठेवा." दोन दिवस कामाला आली नाही. बाकीच्या पण माझ्याशी तुटक बोलायला लागल्या. तेव्हा कळलं, माणूस असं जातं. धणे परत आणता येतात, पण अशी बाई पुन्हा कुठून आणणार?

मी तिच्या घरी गेले, किल्ली परत दिली.

तुम्ही सगळ्या लिज्जत पापड ओळखता. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आज हजारो बायका तिथे पापड लाटतात. प्रत्येकीच्या मागे कोणी उभं राहतं का? नाही. पीठ केंद्रावर एका मापाने मळतात, बायका ते घरी नेऊन लाटतात, आणि परत आणलेला पापड तपासून घेतात. माप ठरलेलं आणि तपासणी ठरलेली, म्हणून लाटणारीला तिच्या घरी मोकळेपणाने काम करता येतं.

आम्हीही तसंच केलं. भाजण्याचं काम दोघींकडे, वही भिंतीला. प्रत्येक घाण्याचा चमचाभर मसाला तिसरीने चाखून सही करायची. 500 रुपयांपर्यंतचा खर्च त्यांनी मला न विचारता करायचा. पैशाला मात्र दोन हात: एक मोजणार, दुसरी लिहिणार, आणि महिन्याच्या बैठकीत हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा. विश्वास ठेवायचा म्हणजे हिशेब सोडायचा असं नाही.

चुका झाल्या. एकदा मसाला गरम असतानाच पाकिटं बंद केली, आत पाणी सुटलं, 3 किलो वाया गेला. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण गिळले. तिने स्वतःच वहीत लिहिलं, "पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद करू नये." पुन्हा तसं झालं नाही.

आता मी आठवड्यातून दोन दिवस सावंतवाडी, कुडाळला दुकानांत फिरते. दोन नवी दुकानं मिळाली. आधी त्यासाठी वेळच नव्हता. खरं सांगू? भाजण्याचा वास आला की अजून हात शिवशिवतात. मग मी उठून बाहेर जाते.

घरी गेल्यावर एवढंच करा. तुमच्याशिवाय अडतं असं एक काम कागदावर लिहा. कसं करायचं ते मापासकट लिहा. तीन वेळा दुसरीला सोबत घेऊन करा. चौथ्या वेळी तिथे थांबू नका. पुढच्या बैठकीत कोणी काय सोडलं ते एकमेकींना सांगूया.