पत्त्याची ओळ आणि कागदाची कड



शाळेत गुरुजी वहीच्या पानाला उभी रेघ मारून समास सोडायला लावत. संगणकावर लेटरहेड छापताना तोच समास नको तिथे आडवा येतो. पडद्यावर रंगीत पट्टी कडेपर्यंत दिसते. हाती येणाऱ्या कागदाला मात्र चारी बाजूंनी पांढरी चौकट, आणि तळाची पत्त्याची ओळ कधी अर्धी कापलेली.

आम्हा नवापूरकरांना पत्त्याचं मोल ठाऊक आहे. महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा आमच्या रेल्वे स्टेशनातूनच जाते. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि छापून ठेवलेल्या लेटरहेडांवरचं 'जि. धुळे' एका दिवसात जुनं झालं. आता हवी तेवढीच पानं संगणकावर काढता येतात, ही मोठी सोय. पण आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाचा अर्ज असाच गेला. तळाचा पत्ता आणि फोन नंबर छापलाच गेला नव्हता. उत्तराची वाट पाहून बायका स्वतः चौकशीला गेल्या, तेव्हा उलगडा झाला. दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

हा समास सोडतं कोण? पहिला, वर्डसारखा प्रोग्राम. नव्या पानाला तो साधारण एक इंच जागा सोडतो. 'पेज सेटअप'मध्ये ती कमी करता येते. पण सगळीकडे शून्य केलं, तर पत्राचा मजकूरही कडेला जाऊन भिडतो. त्यापेक्षा नावाची पट्टी 'हेडर'मध्ये आणि पत्ता 'फूटर'मध्ये ठेवावा. पट्टीचं चित्र मजकुराच्या मागे ठेवण्याचा पर्याय निवडून ते कडेपर्यंत सरकवावं. मजकूर आपल्या जागी राहतो.

दुसरं कारण कागदाचं माप. आपल्याकडचा ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. संगणकात मात्र पुष्कळदा अमेरिकन 'लेटर' हे माप असतं, २१६ बाय २७९. उंचीत १८ मिलिमीटरचा फरक! प्रिंटर मग मजकूर लहान करतो, सरकवतो किंवा कापतो. म्हणून माप ए-फोर करावं आणि छापताना 'फिट टू पेज' न निवडता शंभर टक्के आकार ठेवावा.

तिसरा समास प्रिंटरचा. बहुतेक साध्या प्रिंटरांना कागदाच्या कडेचे काही मिलिमीटर छापताच येत नाहीत. 'बॉर्डरलेस'ची सोय काही प्रिंटरांतच असते. नसेल, तर छापखान्याची रीत धरावी: मोठ्या कागदावर, कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर रंग जाईल असं छापायचं आणि मग कडा कापायच्या. एवढा खटाटोप नको असेल, तर कडेपर्यंतच्या पट्टीचा मोह सोडावा आणि नाव-पत्ता कडेपासून सेंटिमीटरभर आत घ्यावा.

कविता लिहिणाऱ्या माणसाला कोऱ्या जागेचं वावडं नसतं. ओळीभोवती मोकळीक असली की ओळ नीट वाचता येते. लेटरहेडचंही तसंच. पट्टी थोडी आखूड झाली तरी बिघडत नाही, पत्ता तुटता कामा नये.

तेव्हा गठ्ठा छापण्याआधी एका कोऱ्या कागदावर नमुना काढा, पट्टीने चारी कडा मोजा आणि तळाची ओळ पिन कोडपर्यंत वाचून पाहा. उत्तर त्याच ओळीवरून घरी येणार आहे.