बंद शाळेचे दप्तर

गावातली एखादी शाळा बंद होते म्हणजे काय होते? दाराला कुलूप लागते. फळा भिंतीवर तसाच राहतो. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा कोणीतरी काढून नेतो. पाचसात पावसाळ्यांत कौले सरकतात. मग त्या वाटेने जाणारा एखादा पन्नाशीचा गृहस्थ बरोबरच्या मुलाला सांगतो, "इथे आमची शाळा होती." मुलगा म्हणतो, "हो का?" आणि दोघे पुढे चालू लागतात. शाळेचा सारा इतिहास एवढ्या दोन वाक्यांत आटोपतो!

श्रोतेहो, आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या दोन वाक्यांविषयी. त्या दोनांची दोनशे कशी करता येतील, आणि ती का करायला हवीत, एवढाच माझा विषय.

शाळा बंद पडणे ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. धरणाचे पाणी आले की गावाबरोबर शाळाही उठते. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर कितीतरी कुटुंबे कोणी उपनगरात, कोणी गावाकडे अशी पांगली आणि तिथल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून तरणी माणसे पोटामागे शहरात गेली की शाळेचा पट उतरतो. दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिळवून टाकण्याचा निर्णय आपल्या राज्यात २०१७ साली जाहीर झाला, तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. प्रश्न असा, की शाळा गेल्यावर तिथे शिकलेल्यांनी काय करावे?

"मेळावा भरवावा," असे आपण लगेच म्हणाल. भरवावा की! जुने सोबती भेटतात, गुरुजींना शाल-श्रीफळ दिले जाते, जेवण होते, शेवटी सगळ्यांचा एक फोटो निघतो. यात वाईट काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी हाती काय उरते, ते पाहा. गुरुजी कडक होते पण प्रेमळ होते. शाळेने आम्हांला घडवले. ते दिवस पुन्हा येणे नाही. ही वाक्ये महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेला चालतात. आणि जे कोणत्याही शाळेला चालते, ते आपल्या शाळेचे कसे म्हणावे? आठवण टिकते ती तपशिलाने, आणि तपशील टिकतो तो कागदावर उतरल्याने. माझे हे म्हणणे पुण्यातल्याच दोन जुन्या उदाहरणांवरून आपल्याला पटेल, असे वाटते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे आपण सर्व जाणतोच. पुढे त्यांनी पुण्यात आणखीही शाळा काढल्या. त्या शाळा आज नाहीत. भिडे वाडाही जीर्ण होत होत गेला, आणि स्मारकासाठी जागा मोकळी करताना डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. मग त्या शाळांचे उरले काय? उरले ते एका विद्यार्थिनीचे लिखाण. मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकत होती. वय असेल चौदाच्या आसपास. आपल्या समाजाच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. त्या मुलीने शाळेची स्तुती करायला लेखणी उचलली नव्हती. आपल्या माणसांना काय सोसावे लागते, धर्माच्या नावाखाली त्यांना कसे दूर ठेवले जाते, हे तिने विचारले. पण त्या शाळेत मुलांना काय शिकवले जात होते, याची साक्ष त्या निबंधाइतकी दुसरे काय देणार? वाडा गेला, निबंध आहे. चार पानांनी दगडविटांवर मात केली, ती अशी.

दुसरे उदाहरण डेक्कन कॉलेजचे. ते कॉलेज, शाळा नव्हे, हे कबूल. पण माजी विद्यार्थ्यांनी काय करावे, हे त्याच्यावरून चांगले कळते. १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेपासून त्याची परंपरा सुरू होते. पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीच्या आधाराने येरवड्याकडची ती दगडी इमारत उभी राहिली. टिळक तिथे शिकले, आगरकर तिथे शिकले. असे हे कॉलेज सरकारने १९३४ साली बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी नुसते उसासे टाकले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते उठले आणि न्यायालयात गेले. आता न्यायालयात "आमचे कॉलेज फार छान होते हो!" एवढे सांगून भागत नाही. तिथे प्रेमाला कागदाची जोड लागते. ही जोड ज्यांनी दिली, त्यांच्या खटपटीला यश आले आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. उघडले ते मात्र पदव्युत्तर अभ्यासाची आणि संशोधनाची संस्था म्हणून. इरावती कर्वे, हसमुख सांकलिया अशा विद्वानांनी तिथे काम केले. जुने कॉलेज जसेच्या तसे परत आले नाही, पण त्याचे नाव आणि त्याची वास्तू विद्येच्याच कामी राहिली.

आपली वाडीवरची चौथीपर्यंतची शाळा अशी पुन्हा उघडेल, असे भलते आश्वासन मी देणार नाही. बहुतेक शाळा उघडत नाहीत. तरीही कागद हवाच, आणि त्याला अगदी व्यवहाराचे कारण आहे.

प्रत्येक शाळेत एक जाडजूड वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, जन्माचे गाव, शाळेत दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण, असे सगळे त्यात ओळीने लिहिलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला निघतो तो याच वहीतून. आज जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीय माणसाकडे १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो नातवाला कुठे मिळतो? पुष्कळदा आजोबांच्या शाळेतल्या याच वहीतल्या एका ओळीत! शाळा बंद झाली की ही वही सहसा ज्या शाळेत मुले गेली तिथे जाते. ती पोचली का, कोरड्या कपाटात आहे का, वाळवी तर लागली नाही ना, हे पाहणे हे माजी विद्यार्थ्यांचे पहिले काम. मुख्याध्यापकांना भेटा, वही सुखरूप असल्याची खात्री करून घ्या. मात्र त्यात लोकांची खाजगी माहिती असते, तेव्हा तिची पाने मोबाईलवरून गावभर फिरवू नका, बरं का!

दुसरे काम आपल्या हातचे आहे. एक साधी वही घ्या आणि वर्षवार नावे मांडायला बसा. अमुक साली पहिलीत कोण कोण होते? एकट्याला दहा आठवतील. चौघे बसलात तर पंचवीस होतील. चौथी, सातवी, मॅट्रिक पास झालेल्यांचीच नावे घेऊन थांबू नका. जे मध्येच गळाले, गुरे राखायला गेले, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेले, त्यांचीही शाळा तीच होती. मोठ्या माणसाची खोली जग राखून ठेवते. डेक्कन कॉलेजात लोकमान्यांची खोली राखली आहे, ते योग्यच आहे. पण दुसरीतून शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवले नाही, तर ते कोण लिहिणार?

मग माणसांना भेटा. भेटल्यावर "शाळेविषयी काय वाटते?" असे विचारू नका, तसे विचारले की माणूस भाषण करू लागतो. बारीकसारीक विचारा. बसायला काय होते, गोणपाट की लाकडी पाट? शनिवारी जमीन कोण सारवी? त्यात मुलगे असत का? पिण्याचे पाणी कुठून येई? पावकी-निमकी कोण म्हणून घेई? साहेब तपासणीला येणार म्हटले की आदल्या दिवशी काय काय धावपळ होई? मधल्या सुट्टीत कोण घरी जेवायला जाई, आणि कोण नुसते पाणी पिऊन येई? असे विचारले की मग पाहा, ऐंशी वर्षांच्या आजीबाईसुद्धा कशा खुलतात! त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. यंत्र बिघडते, हरवते. ऐकून कागदावर उतरवा. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. जुने फोटो मिळाले तर मागे हलक्या हाताने पेन्सिलीने नावे लिहा. नावे नसलेला फोटो पुढच्या पिढीला परक्यांचाच वाटतो.

हे करताना एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. सगळ्यांच्या आठवणी गोड निघणार नाहीत. कोणी म्हणेल, "आम्हांला वेगळे बसवत." कोणी म्हणेल, "पाटीसाठी पैसे नव्हते म्हणून मला घरी धाडले." एखादी बाई सांगेल, "वर्गात माझा पहिला नंबर होता. पण न्हाण आले आणि शाळा सुटली ती सुटलीच." अशा वेळी मंडळी कुजबुजतात, "जाऊ द्या हो, आता कशाला ते?" तेच जाऊ देऊ नका. कोणाची नालस्ती करावी असे मी म्हणत नाही. दोष दिलेल्याचे नाव गाळून हकीकत तेवढी ठेवता येते. पण ती गाळली, तर उरेल ती शाळा अर्ध्याच मुलांची शाळा असेल. मुक्ता साळवेचा निबंध कोणी "कशाला ते?" म्हणून बाजूला टाकला असता, तर आज आपल्याला काय उरले असते, याचा विचार करा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा. वर्ष कोणते, याचा निकाल रजिस्टर देईल. दुःख कोणाचे खरे, याचा निकाल लावणारे आपण कोण?

शेवटी, वही तयार झाली की ती कोणा एकाच्या ट्रंकेत पडू देऊ नका. तिच्या तीन प्रती काढा. एक गावच्या वाचनालयात द्या, एक मुले ज्या शाळेत गेली तिथे द्या, आणि एक आपल्यापैकी वयाने सर्वांत लहान जो असेल त्याच्याकडे ठेवा. त्याच्याकडे का, हे सांगायला नकोच.

खर्च म्हणाल, तर एका वहीचा आणि चार रविवारांचा. पण उशीर मात्र करू नका. ज्या शाळेचा पट आता वाढणार नाही, तिची आठवण सांगणाऱ्यांचा पट दरवर्षी कमी होत असतो. या रविवारी, आपल्या वर्गातले जे कोणी सर्वांत जवळ राहत असेल, त्याच्याकडे जा आणि पहिली दहा नावे लिहून काढा.