पोरांना जग शिकवा, पण दारापासून
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

॥ राम कृष्ण हरि ॥



कीर्तनाला उभा राहिलो की अभंगाचा आधार असतो. भाषणाला तसा काही आधार नाही. म्हणून जे बघितलं, जे ऐकलं तेवढंच बोलतो. समितीनं मला विषय दिला, 'नवी पिढी आणि वारी'. मी त्यातला एकच धागा धरणार आहे. आपल्या नातवंडांना सरकारी शाळेत 'जगाचा नागरिक' व्हायला शिकवतात, त्याबद्दल पालकाच्या मनात काय येतं, ते.

ह्यातलं आधी थोडं समजून घेऊ. 2015 साली संयुक्त राष्ट्र संघात सगळे देश एकत्र बसले आणि त्यांनी 2030 सालापर्यंतची 17 ध्येयं ठरवली. गरिबी हटवायची, भूक हटवायची, पाणी जपायचं, बाईमाणसाला बरोबरीनं वागवायचं, अशी. त्यातलं चौथं ध्येय शिक्षणाचं. त्याच्यात लिहिलंय की पोरांना जागतिक नागरिकत्व शिकवावं. आपल्या देशाचं 2020 चं नवं शैक्षणिक धोरण आलं, त्याच्यातही हा शब्द आहे. म्हणजे हे कुठल्या एका मास्तराच्या डोक्यातून निघालेलं नाही. वरून आलेलं आहे आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीपर्यंत पोचलेलं आहे.

आता पालक काय म्हणतात? पारावर बसलं की दोन तऱ्हेचं ऐकू येतं. एक जण म्हणतो, "बरं झालं, पोरगं इंग्रजी शिकंल, बाहेर जाईल, ह्या मातीतून सुटंल." दुसरा म्हणतो, "हे परदेशी खूळ हाय. पोरगं जगाचं झालं तर आपलं राहील का? देव, देश, आईबाप इसरून जाईल." मला दोघांशीही बोलायचंय.

दुसऱ्याशी आधी बोलतो. बाबा, जग हा शब्द वारकऱ्याला परका कधी होता? ज्ञानोबारायांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी देवाजवळ मागणं मागितलं. ते स्वतःसाठी नाही, आपल्या गावासाठी नाही. सगळ्या विश्वासाठी मागितलं. दुष्टाचा नाश करा असं नाही म्हणाले, त्याचा दुष्टपणा जाऊ दे म्हणाले. नामदेवराय इथून निघाले ते पंजाबात गेले. घुमान गावी त्यांचं स्थान आहे. शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. नामदेवराय पंजाबात गेले म्हणून पांडुरंगाचे राहिले नाहीत काय? उलट पांडुरंगाला घेऊन गेले. तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, तिची पहिली आरती कुठं होते, तर अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतांच्या मांदियाळीत आहेत. आणि जवळचं सांगायचं तर आपल्याच महाराष्ट्रात, गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी 'जय जगत्' म्हणायला शिकवलं. ते परदेशातून आलेलं नव्हतं. तेव्हा जगाला भिऊ नका.

आणि जग आपल्याला सोडत पण नाही. 2020 साली चीनमधल्या वुहान शहरात सुरू झालेला आजार आपल्या दारात आला आणि पायी वारी थांबली. दोन वर्षं पादुका एसटी बसनं पंढरीला गेल्या. ते दिवस कोण विसरेल? घरात बसून आपण टाळ वाजवले. शेतीचंही तेच. 2023 च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली. आपला कांदा बांगलादेशात, मलेशियात, दुबईला जातो. ती वाट बंद झाल्याबरोबर बाजार समितीत भाव कोसळला. सोयाबीनचा भाव ठरवायला परदेशातलं पामतेल आडवं येतं. म्हणजे आपल्या पोराला जग कळायलाच पाहिजे. जग कळलं नाही तर तो वांदा आपल्या वावरातच होणार.

मग माझी तक्रार काय? मी चौथी शिकलेला माणूस, धोरणाला नावं ठेवायला उभा नाही. माझी काळजी आहे ती शिकवण्याच्या तऱ्हेची.

पहिली गोष्ट. पोरांना 17 ध्येयं पाठ असतात. पाहुणे आले की उभं करतात, पोरगं घडाघडा म्हणतं. मी नातवाला विचारलं, "सहावं काय रं?" म्हणाला, "स्वच्छ पाणी." म्हटलं, "आपल्या गावाला पाणी कुठनं येतं?" त्याला सांगता येईना. एका शाळेत पाणी वाचवण्याचं चित्र भिंतीवर मोठं झकास काढलेलं, निळा थेंब, त्याला डोळे काढलेले, आणि त्याच भिंतीखाली नळाची तोटी तुटलेली, पाणी वाहतंय. त्या दिवशी पोरांनी तोटी बसवली असती तर चित्राची गरज नव्हती. मास्तरांचा सगळा दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या मागं कागदं, मोबाईलवर माहिती भरा, फोटो टाका, निवडणुकीची ड्युटी. फोटो गेला की काम झालं, अशी रीतच पडली. पण पोरगं त्यातनं काय शिकतं? बोलणं एक आणि करणं दुसरं, हेच शिकतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. गावाच्या शिवेवर वीटभट्टी असते. उसाच्या पट्ट्यात टोळ्या उतरतात, कोपी घालून राहतात. बीडकडची माणसं, विदर्भातली, काही तर पार परराज्यातली. त्यांची लहान लहान पोरं दिवसभर विटा उलट्या करतात, नाहीतर धाकटं भावंड कडेवर घेऊन वाढं गोळा करत फिरतात. आणि तिथून हाकेच्या अंतरावर आपली शाळा. शाळेत धडा चाललाय, 'सारं जग एक कुटुंब'. अहो, ते कुटुंब शाळेच्या कुंपणाबाहेर बसलंय की! परक्या मुलखातून आलेलं, वेगळी भाषा बोलणारं लेकरू आपल्या दारात आणून ठेवलंय पांडुरंगानं. जगाचा धडा शिकवायला दुसरं काय पाहिजे?

आणि कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक लेकराला शाळेत घ्यावंच लागतं. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. पुष्कळ मुकादमांना हे माहीत नसतं, पुष्कळ गावकऱ्यांनाही नसतं. आणि काही पालक तर म्हणतात, ती पोरं शेजारी बसली तर आमची बिघडतील. हे ऐकलं की वाटतं, चोखोबांची समाधी महाद्वाराशी आहे, आपण दर वारीला तिथं डोकं टेकवतो, ते कशासाठी? साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, पांडुरंगाचं दार सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून. देवळाचं दार उघडलं. आता शाळेचं दार आपण लावून घ्यायचं काय?

तिसरी गोष्ट पहिल्या तऱ्हेच्या पालकाला सांगायची. तुमचं पोरगं शिकून परदेशात गेलं तर मला आनंदच आहे. पण शाळेत आणि घरात आपण काय बोलतो ते बघा. हुशार असंल तो बाहेर जाईल, ढ असंल तो शेती करील. हे रोज ऐकून पोराला बापाच्या कामाची लाज वाटायला लागते. सावता महाराज अरणला मळ्यात राबले, त्यांना पांडुरंग मळ्यातच भेटला. जगाचं पोट ज्याच्यावर चालतं ते काम हलकं कसं? मातीची लाज वाटणारं पोरगं जगाचा नागरिक नाही होत. ते कुठलंच राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, तक्रार झाली, उपाय सांगा. उपाय आपल्या वारीतच आहे. माऊलींच्या पालखीला समाजआरतीच्या वेळी काय होतं, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि लाखभर माणूस गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असंल, तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. कोणी दगड मारत नाही, कोणी दिंडी सोडून जात नाही. नागरिक म्हणजे दुसरं काय असतं हो? शिस्तीत उभं राहायचं, आणि खटकलं तर सगळ्यांच्या समोर, रागराग न करता, ऐकलं जाईपर्यंत टाळ वाजवायचे.

आपल्याला शाळेत टाळ वाजवायची जागा आहे. तिला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. कायद्यानं तिच्यात 75 टक्के पालक असतात, निम्म्या बायका असतात. पण सभेला जातं कोण? सह्या घरी येतात, आपण अंगठा नाहीतर सही ठोकतो. आमच्या गावात काही पालक आणि आम्ही माळकरी सभेला गेलो. मास्तरांना म्हटलं, हे जगाचं काय शिकवता ते आम्हाला मराठीत, सोप्यात समजावून सांगा. त्यांनी पुस्तक पुढं ठेवून नीट सांगितलं. आम्ही म्हटलं, चांगलं आहे, फक्त सुरुवात दारापासून करा. मग मास्तर आणि आम्ही तिघं भट्टीवर गेलो, आईबापांशी बोललो. पाच लेकरं शाळेत आली. भाषा कळत नव्हती, पण आठ दिवसांत आमच्या पोरांबरोबर विटीदांडू खेळायला लागली. हंगाम संपला, ती गेली. नातू मला म्हणाला, "आबा, आता ती कुठल्या शाळेत जातील?" 17 ध्येयं पाठ करून त्यानं हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

त्याचं उत्तर मला देता आलं नाही. पण आपल्या दिंडीत इतक्या गावचे माऊली आहेत. स्थलांतराला जाणाऱ्या लेकराला शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवलं की नव्या गावची शाळा त्याला बसवून घेते. म्हणून ह्या 101 व्या वर्षी माझी एवढीच विनंती. प्रत्येक गावच्या माळकऱ्यानं शाळेच्या सभेला जावं. आपल्या गावातून टोळी निघाली तर पोरांचं कार्ड घेतलंय का ते बघावं. आपल्या गावात टोळी आली तर कोपीवर एक फेरी मारावी, कुठलं लेकरू शाळेबाहेर आहे ते बघावं.

वारीत लहान पोराच्या पाया आपण पडतो आणि त्याला माऊली म्हणतो. जात विचारत नाही, गाव विचारत नाही. हे पंढरीच्या वाटेवर जमतं, ते बाकीच्या दिवसांत गावातही जमलं पाहिजे. आपल्या पोरांनी आपल्याला तसं वागताना बघितलं की शाळेतला जगाचा धडा त्यांना आपोआप कळंल.

वेळ झाली. चोप वर व्हायच्या आत थांबतो.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!