दीड मिनिटाचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘सोसायटीच्या जुन्या आठवणी’ या विषयावर दहा मिनिटे दिली आहेत. आठवण मी सांगणार आहेच, पण ती पार्किंगची. जन्मभर बँकेत आकडे मोजले, ती खोड जात नाही.

२००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा २४ घरांत मिळून एक मोटार आणि ११ स्कूटर होत्या. बाकी सायकली. काल संध्याकाळी खाली जाऊन पुन्हा मोजलं. ३१ दुचाकी, १७ मोटारी. सायकली तीन, त्यातल्या दोन पंक्चर. ही प्रगती आहे, मी तिला नावं ठेवत नाही. यातल्या कितीतरी गाड्या कर्जावर घेतलेल्या असणार, आणि तशी कर्जं मंजूर करून मीही पोट भरलं आहे.

आपलं नगर, आता अहिल्यानगर, हे तसं गाड्यांचंच गाव. दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात लुना बनायची. माझी पहिली गाडी तीच. कितीही कान पिळला तरी चाळिशीपुढे जायचं नाव नाही. चढाला पायडल मारावं लागायचं. वाहननगरला व्हीआरडीई आहे, तिथे लष्कराच्या गाड्यांच्या चाचण्या होतात. रणगाड्यांचं संग्रहालय तर पाहुण्यांना दाखवायला आपण सगळेच नेतो. माझं एवढंच म्हणणं आहे की, जिथे गाडीची इतकी परीक्षा होते, तिथे गाडी चालवणाऱ्याचीही थोडी व्हावी.

आता थोडे आकडे. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे रोज सुमारे ४६०. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. केंद्र सरकारच्या त्याच अहवालात देशातल्या दर १०० मृत्यूंपैकी सुमारे ७१ मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेले सुमारे ५० हजार. बँकेच्या एखाद्या शाखेत एका खात्यावर इतकी तूट दिसली असती, तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर येऊन बसला असता.

वेगाचा हिशेब आपण करतच नाही. आपल्या शहरातला उड्डाणपूल घ्या. १९ नोव्हेंबर २०२२ ला नितीन गडकरी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. लांबी साधारण तीन किलोमीटर. ताशी ४० च्या वेगाने गेलात तर साडेचार मिनिटं लागतात. ६० ने गेलात तर तीन मिनिटं. कमाई किती? दीड मिनिट. आता खर्च बघा. समोर काही आलं, ते लक्षात येऊन पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद जातो. मग गाडी थांबायची. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तरी ४० च्या वेगाने सगळे मिळून २० मीटर लागतात, ६० ला ३६ आणि ८० ला ५७. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. चक्रवाढ व्याज आपल्याला पटकन कळतं, हे मात्र कळत नाही. आणि पुढच्या सिग्नलला आपण वाचवलेलं दीड मिनिट उभं राहून परत करतो, ते वेगळंच.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर फक्त घरात सांगितली होती.

मी जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. साखरपट्ट्यातलं गाव. एकविसाव्या वर्षी कारखान्यावर हंगामी नोकरीला लागलेला एक मुलगा मोटारसायकलच्या कर्जासाठी आला. नीटनेटका, बोलायला लाघवी. वडील जामीन राहिले. पगाराचा दाखला, सातबारा, कोटेशन, मार्जिन मनी, सगळं तपासून मी ३०,००० रुपये मंजूर केले. गाडीला हार घालून तो पेढे घेऊन शाखेत आला होता.

पाचव्या हप्त्याच्या आधी तो गेला. ऐन गाळप हंगाम, रात्रीची वेळ. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला होता. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, नुसते उसाचे वाढे लोंबत होते. हा वेगात होता. डोक्यावर काही नव्हतं.

तेराव्यानंतर त्याचे वडील आले. हातात वायरची पिशवी, तिच्यात नोटा. मी म्हणालो, “काका, घाई नाही. विम्याचे कागद होऊ द्या.” ते म्हणाले, “नको साहेब. पोराचं देणं ठेवायचं नाही.” कॅशियरने पैसे मोजले, मी खातं बंद केलं, आरसी बुकावरचा बोजा उतरवायचं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते उठले आणि दारापासून परत आले. म्हणाले, “साहेब, गाडी देताना तुम्ही त्याला काय काय विचारलं होतं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी फाइल उघडली. पगार विचारला होता, जमीन विचारली होती, जामीनदार विचारला होता. लायसनची प्रत फाइलमध्ये होती, पण शिकाऊ लायसनची, आणि तिची मुदत कर्ज देण्याआधीच संपलेली. मी ती पाहिली नव्हती. तो पैसे फेडू शकेल का, एवढंच मी तपासलं. तो गाडी चालवू शकेल का, हे तपासलं नाही. नियमाने ते माझं काम होतं की नव्हतं, यावर वाद घालता येईल. त्या माणसापुढे मला तो घालता आला नाही. ते काही न बोलता निघून गेले.

तुम्ही म्हणाल, चूक एकट्या मुलाची नव्हती, ट्रॉलीवाल्याचीही होती. अगदी खरं. रस्त्याचाही दोष असतो. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांसाठी किती आंदोलनं झाली, ती आपण पाहिली आहेत. रंग उडालेला गतिरोधक रात्री दिसत नाही. हे सुधारतं का? सुधारतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून एकेक धोक्याची जागा शोधून कठडे, फलक, गस्त असं काम झालं आणि वर्षाला दीडशेच्या वर जाणारे बळी २०१९ मध्ये शंभराच्या आत आले. रस्ता नशिबाने सुधारत नाही, पाठपुराव्याने सुधारतो. थकबाकीदाराला आम्ही स्मरणपत्रं पाठवायचो, तसं.

पण रस्ता सुधारेपर्यंत किल्ली आपल्याच हातात आहे. आणि इथे मला माझ्याच घरचं सांगावं लागेल. गेल्या वर्षी पाहुणे आले होते. मी सोळा वर्षांच्या नातवाला स्कूटरची किल्ली दिली आणि म्हणालो, “पटकन कोथिंबीर घेऊन ये.” आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. म्हणाल्या, “त्या बापाची गोष्ट इतकी वर्षं सांगताय ना? मग हे काय?” मी जिन्यात धावत जाऊन किल्ली परत घेतली. त्या दिवशी भाजीत कोथिंबीर नव्हती. कोणाचं काही अडलं नाही.

कायदा स्पष्ट आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. म्हणजे माझ्या लुनाचा. आजच्या ११० सीसीच्या स्कूटरला अठरा वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने नव्हे, त्या पिशवीच्या आठवणीने मी किल्ली आता कपाटात ठेवतो.

रौप्यमहोत्सवानिमित्त आपण गेटला रंग दिला, रोषणाई केली. माझ्या चार सूचना समितीने पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात.

एक, अठराच्या आतल्या मुलाला कोणत्याही घरातून किल्ली मिळणार नाही. शेजाऱ्याने पाहिलं तर त्याने टोकावं आणि घरच्यांनी राग मानू नये.

दोन, गेटबाहेर वळण आहे, तिथून येणारी गाडी दिसत नाही. तिथे बहिर्गोल आरसा लावावा आणि आवारात ताशी १० ची मर्यादा पाळावी.

तीन, दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आणि मोटारीत मागच्या सीटवरही पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा पट्टा लावलेले पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. गाडी महागाची होती, म्हणून काही वाचलं नाही.

चार, रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा आणि १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. पोलिसांच्या फेऱ्याला घाबरून कोणी पुढे निघून जाऊ नये.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तो शब्द खरा करणं बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे. कार्यक्रमानंतर जेवण आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी पोटभर जेवावं आणि सावकाश घरी जावं. उशीर झाला तरी चालेल.