डॉक्टर कोणाशी बोलतात?

मैत्रिणींनो, आमच्या वस्तीतल्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा मीही नवा दवाखाना शोधत होते. एका ठिकाणी त्रास माझा, पण डॉक्टर सगळं सोबतच्या नवऱ्यालाच सांगत होते. गर्भपाताबद्दल विचारलं, तर म्हणाले, "त्याला यांची सही लागेल." १९७१च्या कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. हे मी गटात शिकवते. तिथे मात्र गप्प बसले!

म्हणून सांगते, फी आणि अंतर बघाच. शिवाय पहिल्याच भेटीत पाहा: डॉक्टर तुमच्याशी बोलतात का? पुरुष डॉक्टर तपासताना दुसरी बाई हजर ठेवतात का? औषधं लिहून देतात का? नसतील, तर उठा. एकटीला जमत नसेल तर दोघी जा. पुढच्या दवाखान्यात मी शेजारणीला घेऊन गेले.