फळ दिसलं नाही तरी पेरावं

पडद्यामागे मेकअप करून ताटकळलेल्या कलाकारांनो, पाहुण्यांचं भाषण लांबलं की मुलं काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे! म्हणून एकाच माणसाची गोष्ट सांगते.

हिस्लॉप कॉलेजची पाटी तुम्ही येता-जाता वाचता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ साली नागपुरात आला, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि त्याचं वय होतं सत्तावीस. मुलूख परका, भाषा परकी. देवाने पाचारण केलंय, एवढ्याच भरवशावर तो आला. मराठी शिकला, शाळा चालवल्या, बैलगाडीच्या वाटांनी गावोगाव हिंडला. वाटेतले दगड उचलून पाहता पाहता नागपूरच्या भूगर्भाचा मोठा अभ्यासक झाला. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाणी त्याने परधान जमातीच्या गायकाकडून ऐकून गोंडांच्याच बोलीत टिपून घेतली.

सप्टेंबर १८६३. नागपूरजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळं पाहायला तो गेला होता. सोबतचे लोक पुढे निघाले. हा मात्र एक शाळा तपासायला मागे राहिला. संध्याकाळी घोड्यावरून मुक्कामाकडे निघाला, तर पावसाने नाला फुगलेला. त्या पुरात ४ सप्टेंबरला तो बुडाला. चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली असती.

त्याने टिपलेली गाणी १८६६ साली छापून आली. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३ साली उभं राहिलं. यातलं त्याने काहीच पाहिलं नाही. मुलांनो, ख्रिस्ती माणूस विश्वास म्हणतो तो हाच. देव हाक मारतो तेव्हा पुढचा सगळा नकाशा हातात देत नाही, आजचं काम तेवढं देतो. हिस्लॉपच्या शेवटच्या दिवशी ते काम काय होतं? गावच्या मुलांची परीक्षा घेणं!

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून लहान आहोत. यिर्मया संदेष्ट्यानेही देवाला हेच सांगितलं होतं. देवाने ती सबब ऐकून घेतली नाही. आणि प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा कुठलंही काम हलकं नसतं हेही दाखवून दिलं.

मी जन्मभर नर्सिंग केलं. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत आजही छिंदवाड्याहून, गडचिरोलीहून आलेली एखादी आजी हातात चिठ्ठी घेऊन उभी असते. कुठल्या खिडकीवर जायचं, तिला कळत नाही. शेजारून शंभर माणसं जातात. तिची चिठ्ठी वाचून तिला खिडकीपर्यंत पोचवायला डिग्री लागत नाही, पाच मिनिटं लागतात. देवाची हाक बहुतेक वेळा अशाच माणसाच्या तोंडून येते. मग तुम्ही चर्चला जाणारे असा, मंदिरात, विहारात वा मशिदीत जाणारे असा.

तेव्हा बक्षिसं जरूर मिळवा, मार्कही भरपूर मिळवा. पण या वर्षी एक काम असं करा, ज्याचं बक्षीस मिळणार नाही आणि फळ कदाचित दिसणारही नाही. ते उद्यावर टाकू नका. पालकांनो, मुलं असं काही करायला निघाली तर त्यांना अडवू नका.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.