रानडुकरावर कुठलं काडतूस?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या टेबलावर मी एक काडतूस उभं चिरून ठेवलं आहे. दारू आणि केप काढून टाकलेली आहे, त्यामुळे कुणी घाबरायचं कारण नाही. व्याख्यान संपल्यावर प्रत्येकानं ते हातात घेऊन बघावं अशी माझी इच्छा आहे. खाली पितळी बूड, त्याच्या मधोमध केपेची वाटी. वर प्लॅस्टिकची नळी. नळीत दारूची जागा, तिच्यावर दट्ट्या, दट्ट्यावर शिशाचे छर्रे आणि तोंडाशी पाकळ्यांसारखी दुमडलेली घडी. बारा बोरचं काडतूस म्हणतात ते हेच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. माझ्या लहानपणी आमच्या भागात बारा बोरची काडतुसं म्हटली की खडकीचीच.

शिकारीवर बंदी असताना हा विषय कशाला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपली आणि ती संपली हे फार चांगलं झालं. पण त्याच कायद्याचं कलम 11 सांगतं की एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरला, तर अधिकारी लेखी आदेशानं त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. गवा, मोर, हत्ती हे पहिल्या अनुसूचीतले. पीक खाल्लं म्हणून त्यांना मारता येत नाही. रानडुक्कर आणि विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी आपल्या राज्यात अशा परवानग्या दिल्या जातात. म्हणजे बंदुकीचा बार कायद्यानंच निघणार आहे. मग तो कुठल्या बंदुकीतून, कुठल्या काडतुसाचा आणि किती अंतरावरून, हे विचारायला हवं. मी पाहिलेल्या परवानग्यांत प्राणी कुठला, किती आणि किती दिवसांत, हे असतं. कशानं मारायचं, याबद्दल एक शब्द नसतो.

हा प्रश्न मला कसा पडला ते सांगतो. मी कुडाळ तालुक्यातला. ऑक्टोबरात भात पिवळं पडलं की गावातली माणसं राखणीला मांगरावर झोपायला जायची. मी तेव्हा विशीतला. शेजारच्या काकांकडे दुनळी होती, शेतीसंरक्षणाचा परवाना होता, वनखात्याची परवानगी होती. सगळं कायदेशीर. मी बॅटरी धरायला गेलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास भातात खसखस झाली. उजेड टाकला तर चाळीसेक पावलांवर मोठा नर. काकांनी बार काढला. डुक्कर जागच्या जागी बसलं, उठलं आणि व्हाळाच्या दिशेनं गेलं. काका म्हणाले, लागलाय, सकाळी बघू.

सकाळी रक्ताचे चार थेंब सापडले. पुढे काही नाही. तिसऱ्या दिवशी कावळ्यांमुळे कळलं. काजूच्या बागेत, पाण्याच्या कडेला, ते डुक्कर मरून पडलं होतं. मरायच्या आधी पाय घासून घासून त्यानं माती खरवडून काढली होती. वनरक्षकाच्या पंचनाम्याच्या वेळी कातडी सोडवली तेव्हा मी शेजारी बसून छर्रे मोजले. तेवीस छर्रे कातडीत आणि कातडीखालच्या चिवट थरात अडकलेले होते. दोनच आत गेले होते, तेही पोटात. वयात आलेल्या नराच्या फऱ्यावर कूर्चेसारखा जाड थर असतो; दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून निसर्गानं दिलेली ती ढाल. काकांच्या नळीत चार नंबरचा छर्रा होता. घरात तेवढाच होता. काका दुष्ट नव्हते. कुठल्या जनावराला कुठला छर्रा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता थोडा हिशेब करू. चार नंबरचा छर्रा म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचा दाणा. एका औंसात सुमारे 170 दाणे, एकेकाचं वजन ग्रॅमचा सहावा हिस्सा. हा पाखरांसाठी काढलेला छर्रा. पाखरू हलकं, हाडं पोकळ, पिसांखाली पातळ कातडी. तिथं चार-पाच दाणे पुरतात. आपल्याकडे एसजी म्हणतात तो छर्रा साडेतीन ग्रॅमचा, एका औंसात आठ. म्हणजे एसजीचा एक दाणा चार नंबरच्या एकवीस दाण्यांएवढा. बत्तीस ग्रॅमच्या काडतुसात चार नंबरचे जवळजवळ 190 दाणे बसतात आणि एसजीचे नऊ.

मग एसजी घेतला की झालं, असं वाटेल. मलाही पुष्कळ वर्षं तसं वाटत होतं. पुढे मी रायफल रेंजवर शिकवायला लागलो तेव्हा वर्तमानपत्रं एकाला एक चिकटवून दाराएवढा कागद केला, मधोमध जेवणाच्या ताटलीएवढं वर्तुळ काढलं आणि त्यावर एसजी झाडून पाहिला. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा असते. पंधरा मीटरवर बहुतेक दाणे ताटलीत किंवा तिच्या काठावर. तीस मीटरवर तेच नऊ दाणे जवळजवळ मीटरभर पसरले आणि ताटलीत एक. बाकीचे आठ कुठे गेले? डुकराच्या पोटात, मांडीत, जबड्यात गेले असते, किंवा त्याच्यामागे उभ्या असलेल्या मादीत. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: एसजी वीस मीटरच्या आत, त्यापुढे नाही. आणि रोह्यासारख्या मोठ्या, उंच जनावरावर छर्रा नकोच, मग तो कुठलाही असो.

मग काय वापरायचं? बारा बोरचीच बंदूक असेल तर एकसंध गोळीचं काडतूस. ती गोळी तीस ग्रॅमच्या आसपास असते आणि सगळं वजन एकाच जागी नेते. पण दुनळीला दुर्बीण नसते, नेम नुसत्या माशीवर धरायचा असतो, त्यामुळे चाळीस मीटर ही माझ्या दृष्टीनं तिची हद्द. शिवाय नळीचं तोंड किती आवळलेलं आहे, ते आधी बघावं लागतं. आवळ तोंडाच्या नळीतून जुन्या पद्धतीची घट्ट गोळी काढली तर नळी फुगते, फाटते. दुनळीत बहुतेकदा एक नळी मोकळी असते आणि एक आवळ. कुठला चाप कुठल्या नळीचा, हे अंधारातही बोटाला माहीत हवं.

यापेक्षा चांगलं साधन म्हणजे रायफल. आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळणारी ओळखीची रायफल पॉइंट 315 ची, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली. तिची गोळी जड असते आणि तिचं टोक मऊ असतं. या मऊ टोकाचं महत्त्व फार थोड्यांना माहीत आहे. लष्करी गोळीला पूर्ण धातूचं कवच असतं. ती आरपार जाते आणि मागे बारीक भोक ठेवते. मऊ टोकाची गोळी आत गेल्यावर पसरते आणि जनावर तिथंच पडतं. अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असं 1899 च्या हेग परिषदेत ठरलं. आणि इंग्लंडमध्ये हरणावर रायफल चालवायची तर गोळी पसरणारीच हवी, असा कायदा आहे. या दोन्ही नियमांमागे दया आहे.

या पॉइंट 315 चा इतिहासही आपल्याशी जोडलेला आहे. 1878 मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं हिंदुस्थानात पॉइंट 450 आणि पॉइंट 303 बोर खासगी माणसांसाठी बंद केले. कारण सरळ होतं. ती फौजेच्या बंदुकांची मापं होती आणि चोरलेलं काडतूस बंडखोराच्या नळीत बसू नये एवढीच धास्ती होती. त्या बंदीमुळे विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी पॉइंट 470 सारखी नवी मापं काढली. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला, पण पॉइंट 303 निषिद्धच राहिली; म्हणूनच सामान्य माणसाच्या हाती पॉइंट 315 आली. म्हणजे या देशात बंदुकीचं माप नेहमी सरकारच्या धास्तीनं ठरलं. समोरच्या जनावराचा विचार त्यात कधीच नव्हता. तो आता तरी व्हावा.

रायफलचा धोका मात्र मोठा. चार नंबरचा छर्रा अडीच-तीनशे मीटरवर गळून पडतो. एसजीचा दाणा साडेसहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. पॉइंट 22 सारखी चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाते आणि मोठ्या रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून पुढे. कोकणात एका वाडीच्या शेवटच्या घरापासून दुसऱ्या वाडीचं पहिलं घर किती लांब असतं, हे तुम्ही जाणता. म्हणून बार माळ्यावरून, खाली, मातीच्या दिशेनं काढायचा. गोळी चुकली तरी जमिनीत जिरली पाहिजे. डुक्कर टेकाडाच्या माथ्यावर आहे आणि मागे नुसतं आभाळ आहे, तर चापावरचं बोट काढून घ्यायचं. डुक्कर उद्याही येईल.

बंदूक निवडताना आणखी एक गोष्ट बघायची राहून जाते, ती म्हणजे नळीतलं काडतुसाचं घर. जुन्या विलायती दुनळ्यांत ते 65 मिलिमीटरचं असतं आणि आजची बहुतेक काडतुसं 70 ची. गंमत अशी वाटते की 70 चं काडतूस 65 च्या घरात सहज बसतं. या टेबलावरचं बघा, तोंड दुमडलेलं आहे म्हणून ते आखूड दिसतं. बार निघाला की पाकळ्या उघडतात, त्यांना जागा मिळत नाही, वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. वाडवडिलांची बंदूक असेल तर ती जाणत्या बंदूक कारागिराकडून मोजून घ्या. आणि वीस बोरची काडतुसं बारा बोरच्या डब्यात कधीही ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं. वरून नळी रिकामीच दिसते. मग माणूस बाराचं काडतूस भरतो आणि नळी डाव्या हातात फुटते. वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली ती याचसाठी.

ठासणीच्या बंदुकीबद्दल कोकणात बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझ्या वडिलांकडे ती होती. दारू, चिंधी, गज, केप. तिचा खरा उपयोग आवाजाचा. वानरं माडावर आली की नुसत्या दारूचा बार काढायचा. त्यासाठी ती आजही चांगली आहे, जरी वानरं त्या आवाजालाही चार दिवसांत सरावतात. पण तिच्यात घरी ओतलेली गोळी, खिळे, सायकलचे छर्रे भरून डुकरावर झाडणं हे मला मान्य नाही. नेम नाही, दुसरा बार नाही, ओल लागली तर पहिलाही नाही.

छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीचं एका वाक्यात सांगतो: पॉइंट 177 ची, वीस ज्यूलच्या आतली हवाई बंदूक परवान्याशिवाय मिळते, म्हणून तिनं पाखरं मारायचा परवाना मिळत नाही. अरुणाचलात 2021 मध्ये लोकांनी स्वतःहून हवाई बंदुका सरकारजमा करायची मोहीम सुरू झाली आणि दोन हजारांहून जास्त बंदुका जमा झाल्या. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

आता कायद्याकडे येतो. जर्मनीत रानडुकरावर छर्रा झाडायलाच बंदी आहे. तिथं डुकरासाठी रायफलची गोळी किमान साडेसहा मिलिमीटरची हवी आणि शंभर मीटरवर तिच्यात किमान 2000 ज्यूल ताकद उरलेली हवी, असं कायद्यात लिहिलं आहे. शिवाय परीक्षा दिल्याशिवाय शिकारीचा परवाना नाही. आपल्याकडे 2016 मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात दोनशेच्या वर नीलगायी मारल्या गेल्या आणि त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला. मारावं की मारू नये, यावर पानंच्या पानं छापून आली. कशानं मारलं, किती जखमी होऊन निसटल्या, याबद्दल मला कुठे ओळही वाचायला मिळाली नाही. केरळनं 2022 मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार थेट ग्रामपंचायतीच्या प्रमुखांपर्यंत नेले आणि विष, स्फोटकं, वीज यांना मनाई केली. ते योग्यच झालं. आपल्याकडेही डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या तडफडतो, गावठी बॉम्बनं गाईचा जबडा जातो. फासकीला समोर कोण आहे ते कळत नाही. बंदुकीमागच्या माणसाला कळतं, म्हणून मी बंदुकीची बाजू घेतो. पण तिच्यामागचा माणूस शिकलेला हवा.

आणि इथंच खरी अडचण आहे. काडतुसं किती बाळगायची, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. वर्षाला दहा काडतुसं घेणारा शेतकरी त्यातलं एकही कागदावर खर्च करत नाही. त्याच्या आयुष्यातला प्रत्येक बार जिवंत जनावरावर निघतो. त्याला सरावासाठी वेगळी काडतुसं आणि वर्षातून एक दिवस जवळच्या रेंजवर जागा मिळाली पाहिजे. एवढं करायला कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर मनावर घेतलं तर होईल.

एक शेवटची गोष्ट, शिशाची. मेलेलं डुक्कर उघड्यावर टाकू नका. गोळी आत फुटते, तिचे कण मांसात राहतात आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाला शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियात कंडोर गिधाडं याच कारणानं मेली आणि तिथं 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाची गोळीच बंद झाली. आपल्या रायगडात, म्हसळ्याजवळच्या चिरगावला, माणसांनी वर्षानुवर्षं खपून गिधाडं जपली आहेत. तेव्हा खड्डा खोल खणा.

इथं बसलेल्यांपैकी ज्यांच्याकडे परवाना आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. यंदा वनखात्याकडे अर्ज कराल तेव्हा नमुन्यात रकाना नसला तरी खाली आपल्या हातानं तीन गोष्टी लिहा: बंदूक कुठली, काडतूस कुठलं, आणि किती मीटरच्या पुढे मी बार काढणार नाही. त्याखाली सही करा.